बिलाच्या दिवशी हँग होणारा कॉम्प्युटर

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर महिनाभर बरा असायचा आणि मेंटेनन्सची बिलं काढायच्या दिवशी हमखास मान टाकायचा. अर्धी बिलं छापून झाली की पडदा निळा, नाहीतर माउस जागच्या जागी थिजलेला. सेक्रेटरीकाकांचं निदान ठरलेलं: व्हायरस. त्यापायी दोनदा विंडोज नव्याने टाकून झालं, अँटिव्हायरसचे पैसे भरून झाले, एकदा हार्डडिस्कही बदलली. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव झाला, नवा कॉम्प्युटर आला आणि जुना मीटररूममध्ये झाडूंच्या शेजारी जाऊन बसला. भंगारवाला यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो मागून घेतला.

"ने बाई," काका म्हणाले, "पण बरा झाला म्हणून परत आणून ठेवू नकोस. ठराव झालाय."

मी राहते कोपरीत, ठाणे पूर्वेला, खाडीपासून चार पावलांवर. नोकरी नवी मुंबईत महापेला, काम मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या कॉम्प्युटरचं. मायक्रोकंट्रोलरमध्ये रॅम चिपच्या पोटातच असते, वीज दिली की हजर. पीसीतल्या रॅमचं तसं नाही. तिला आधी उठवावं लागतं, आणि ते काम बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, गुपचूप करून टाकतं. ते गुपचूप चाललेलं काम एकदा उघड्या डोळ्यांनी बघायची माझी जुनी हौस. कॅबिनेट उघडलं तर आत इंटेलच्या जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर२ या जुन्या प्रकारच्या रॅमचे दोन स्लॉट, त्यांत रॅमच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे स्टिका. हा बोर्ड कोअरबूटच्या यादीत निघाला, आणि माझे पुढचे अडीच महिने ठरले.

कोअरबूट म्हणजे कंपनीच्या बायॉसच्या जागी टाकायचं मुक्त फर्मवेअर (बोर्डवरच्या चिपमध्येच राहणारा प्रोग्राम). १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी ते सुरू केलं तेव्हा त्याचं नाव लिनक्सबायॉस होतं. २००८ मध्ये कोअरबूट झालं. इंटेलच्या नव्या चिपांवर रॅम उठवायचा भाग कंपनीकडून बंद डब्यात येतो, तो जसाच्या तसा वापरायचा. जी४१च्या पिढीसाठी मात्र तो सी भाषेतल्या उघड्या कोडमध्ये आहे, ओळ न् ओळ वाचता येते. वाचता आली म्हणजे कळली असं नाही, ते सोडा.

बोर्डवर बायॉसच्या दोन चिपा होत्या, आठ पायांच्या, एकेक एमबीच्या. एक मुख्य, एक राखीव. एकीवरून उठलं नाही तर बोर्ड दुसरीकडे वळतो, आणि मग आपण नक्की कोणाशी बोलतोय तेच कळत नाही. म्हणून दोन्ही सोल्डर काढून उतरवल्या, मूळ बायॉसची प्रत जपून ठेवली आणि मुख्य चिपच्या जागी सॉकेट बसवलं. चिप काढायची, प्रोग्रामरवर (चिपवर लिहायच्या यंत्रावर) लिहायची, परत बसवायची. प्रोग्रामर सगळ्यांकडे असतो तोच, सीएच३४१एचा काळा. त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची असते. ते आधी दुरुस्त करून घेतलं. लोक तसंच वापरतात आणि चालतंही म्हणे. माझा धीर नाही झाला.

पहिल्या दोन संध्याकाळी काहीच दिसलं नाही. पंखा फिरतो, पण कोअरबूट ज्यातून आपला लॉग, म्हणजे कामाची नोंद, बाहेर पाठवतं तो सिरियल पोर्ट मुका. कारण केबल. मी सरळ केबल लावली होती, आणि इथे दोन आणि तीन नंबरच्या तारा उलट जोडलेली, नल मोडेमची लागते. नोकरीत वर्षाला चार ज्युनियर मुलांना हेच सांगते. असो.

केबल बदलली आणि सेकंदाला ११५२०० बिटांच्या वेगाने ओळी धावायला लागल्या. तो क्षण मला अजून आठवतो, कारण त्या ओळी रॅम नसताना येत होत्या. प्रोसेसर जागा झालाय, पण बाहेरची रॅम अजून नुसती चिपांची पट्टी आहे. व्हेरिएबल ठेवायला जागा नाही, फंक्शन बोलावलं तर परतीचा पत्ता लिहायला जागा नाही. कोअरबूट अशा वेळी प्रोसेसरच्या कॅशलाच, म्हणजे त्याच्या पोटातल्या छोट्या मेमरीलाच, काही काळ रॅम म्हणून राबवतं. पूर्वी तेवढंही नव्हतं. लिनक्सबायॉसच्या काळात रॉमसीसी नावाचा एक खास कंपायलर होता, तो सगळा कारभार प्रोसेसरच्या रजिस्टरांमध्येच, म्हणजे एकेक आकडा मावेल एवढ्या मोजक्या कप्प्यांमध्येच, उरकायचा. दहा बाय दहाच्या खोलीत लग्न लावण्यातला प्रकार.

मग लॉग स्टिकेकडे वळतो. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, एसपीडी म्हणतात तिला. स्टिकची जन्मपत्रिकाच. दोन नंबरच्या बाइटमध्ये ८ असेल तर डीडीआर२. नऊ नंबरच्या बाइटमध्ये हेक्स २५ (हेक्स म्हणजे सोळा अंकांची मोजणी, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ) म्हणजे अडीच नॅनोसेकंद, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झचं घड्याळ, आणि एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणजे आपण ज्याला डीडीआर२-८०० म्हणतो ते. तेरा नंबरचा बाइट मात्र मला पैसे मोजून पाठ झाला. हौसेने मी ऑनलाइन एक ४ जीबीची डीडीआर२ स्टिक मागवली होती, नेहमीच्या भावापेक्षा बरीच स्वस्त. ती लावली की लॉग तिथल्या तिथे संपायचा. तेरा नंबरच्या बाइटमध्ये ४ होता, म्हणजे स्टिकवरच्या चिपा बाय फोर, एकेका चिपला डेटाच्या चारच तारा. जी४१ला बाय एट किंवा बाय सिक्स्टीन लागतात. पाकिटावर बारीक अक्षरात 'एएमडीसाठी' लिहिलेलं होतं. ती स्टिक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला एएमडीचा जुना बोर्ड चालवायचा असेल तर.

सोसायटीच्या मूळच्या दोन स्टिका लावल्या तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. पाचातून दोनदा सुरू व्हायचं, तीनदा नाही. लॉग यायचा, एसपीडी वाचून व्हायची, घड्याळ लागायचं, आणि मग रिसीव्ह एनेबलच्या पायरीवर चॅनल एकचं कॅलिब्रेशन जमलं नाही असं सांगून बोर्ड गप्प.

ही पायरी काय ते सांगते, कारण पुढचं सगळं हिच्यावरच आहे. रॅमच्या ६४ तारा आठ-आठच्या आठ लेनमध्ये विभागलेल्या असतात. वाचताना प्रत्येक लेनसोबत स्ट्रोब येतो: 'हा घ्या डेटा' असं सांगणारा ठोका. बोर्डवरच्या तारांची लांबी कमीजास्त, त्यामुळे प्रत्येक लेनचा ठोका किंचित वेगळ्या वेळी पोचतो. चिपसेटमधल्या रॅमच्या कंट्रोलरला त्याच्या बेताने दार उघडायचं असतं. दूधवाल्यासारखं आहे. दार फार लवकर उघडलं तर मांजर आत शिरतं, उशिरा उघडलं तर दूधवाला पुढच्या मजल्यावर. म्हणून कोअरबूट प्रत्येक लेनसाठी दार थोडं थोडं सरकवत, वाचून बघत, योग्य वेळ शोधतं. यालाच ट्रेनिंग म्हणतात. ती वेळ तीन आकड्यांत लिहितात: ढोबळ, मधला आणि बारीक. घड्याळाचे तास, मिनिट आणि सेकंद काटे समजा.

मी रीतसर चाचणी केली. एकच स्टिक, पहिल्या स्लॉटमध्ये: दरवेळी सुरू. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये: कधी हो, कधी नाही. दुसरी स्टिक घेऊन तेच. दोष स्टिकबरोबर जात नव्हता, स्लॉटपाशी राहत होता. या बोर्डवर प्रत्येक स्लॉट म्हणजे एक स्वतंत्र चॅनल, मोजणी शून्यापासून: पहिला स्लॉट चॅनल शून्य, दुसरा चॅनल एक. तेव्हा कोणीही सरळ माणूस म्हणाला असता, स्लॉट खराब आहे. मी म्हणाले, चॅनल एकचं कोड खराब आहे. माझं तर्कशास्त्र असं, की कंपनीच्या बायॉसवर हेच दोन स्लॉट वर्षानुवर्षं चालले होते. बदललं काय, तर फक्त फर्मवेअर.

स्टेशनजवळ एक रिपेअरवाले आहेत, त्यांच्याकडे सोल्डरची तार घ्यायला गेले तेव्हा सहज बोलले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, रबर मारलं का?"

मी हसले. ट्रेनिंग, लेन, स्ट्रोब यांच्या गप्पा चालल्या असताना खोडरबर! तरी घरी येऊन दोन्ही स्टिकांच्या सोनेरी दातांवर रबर घासलं. फरक शून्य. माझा समज आणखी पक्का झाला.

मग कोडमध्ये हात घातला. वेग सक्तीने ६६७ वर आणला, म्हणजे एका ठोक्याला अडीचऐवजी तीन नॅनोसेकंद. सुरू झालं! लिनक्स आलं, चार जीबी दिसली, दोन दिवस चालू-बंद करत राहिले, एकदाही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी जुलैतला तो आडवा पाऊस लागला, घरातले पापड मऊ पडले, आणि बोर्ड सुरू झाला खरा पण मेमटेस्टवर, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर, चुकांच्या लाल ओळींचा सडा. पावसाचा आणि याचा संबंध मी तेव्हा लावला नाही. वहीत तारखेसमोर 'पाऊस' लिहिलं होतं ते ट्रान्सहार्बर लोकल बंद होती म्हणून, घरी होते म्हणून.

आता मी रॅम सेटअपचा सविस्तर लॉग चालू केला. आठही लेनचे आकडे दिसायला लागले. दहा वेळा बंद करून सुरू केलं आणि दहाही वेळचे आकडे वहीत उतरवले. हुबेहूब तेच. एका सेकंदकाट्याचाही फरक नाही. मी भाच्याला फोन करून सांगितलं, बघ, हार्डवेअर किती ठाम आहे. कॉन्टॅक्ट ढिला असता तर आकडे हलले नसते का? पुढचा जवळजवळ आठवडा मी चॅनल एकचं कोड वाचण्यात घालवला. रजिस्टरचे पत्ते चॅनल शून्यशी ताडून बघितले, एकेक. त्यातून इतकंच हाती लागलं की कोड लिहिणारे माझ्याहून काळजीपूर्वक लिहितात.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्या रविवारी जेवायला आला होता. मेमटेस्ट चालूच होतं. तो ताट हातात घेऊन स्क्रीनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, हे सगळे पत्ते ४ नाहीतर सी वरच संपतायत."

"मग?"

"आणि चुकलेले बिट बघ ना. आठ ते पंधरा. बाकी कुठेच नाही."

मी पोळी तव्यावर विसरले. मेमटेस्ट ३२ बिटांचे तुकडे दाखवतं. ४ किंवा सी वर संपणारा पत्ता म्हणजे ६४ बिटांच्या शब्दाचा वरचा अर्धा भाग. त्यातले ८ ते १५ म्हणजे अख्ख्या शब्दातले ४० ते ४७. शून्यापासून मोजलं तर लेन पाच. हजारो चुका, आणि झाडून सगळ्या एकाच लेनच्या. चॅनल एकचं कोड वाईट असतं तर त्याने आठातली एकच लेन का निवडावी?

पण मग वहीतले दहा सारखे आकडे? भाच्याने लॉग सुरुवातीपासून वाचायला घेतला. मी इतके दिवस लॉगच्या शेवटाकडेच बघत होते, तो मुलगा पहिल्या पानापासून वाचत गेला. आणि तिथे ती ओळ होती. कोअरबूट एकदा जमलेलं ट्रेनिंग फ्लॅशमध्ये, म्हणजे त्या बायॉसच्या चिपमध्येच, साठवून ठेवतं. पुढच्या वेळी एसपीडीची बेरीज जुळली, म्हणजे स्टिका त्याच आहेत, तर नव्याने मोजत बसत नाही, साठवलेले आकडे उचलून लावतं. वेळ वाचतो. मी दहा वेळा मोजमाप घेतलं असं समजत होते, प्रत्यक्षात मोजमाप एकदाच झालं होतं आणि त्याची झेरॉक्स मी दहा वेळा वहीत उतरवली होती. अपयश आलं तर काही साठतच नाही, म्हणून अपयशाच्या वेळचे आकडे वहीत कधी आलेच नाहीत.

जेवण आटपलं आणि आम्ही फ्लॅशमधला तो साठ्याचा भाग दरवेळी पुसून बोर्ड सुरू करायला लागलो. चिप काढा, पुसा, बसवा. भाचा वाचायचा, मी लिहायचे. सहा लेन जागच्या जागी होत्या, आणखी एक जेमतेम एका बारीक काट्याने मागेपुढे. आणि लेन पाच: बारीक काटा ३, मग ११, मग ढोबळ काट्यानेच एक उडी, मग कॅलिब्रेशन फसलं, मग ६. पहिल्या स्लॉटची लेन पाच तेवढ्याच वेळात सात-आठच्या पुढे हलली नाही. वहीचं ते पान मी जपून ठेवलंय. पाचच्या रकान्यातले आकडे एखाद्या दारुड्याच्या पावलांसारखे आहेत.

आता स्लॉट बघणं आलं. डीडीआर२च्या स्टिकला दर बाजूला १२० दात, मधली खाच ६४ आणि ६५ च्या मध्ये. लेन पाचचा स्ट्रोब ९२ आणि ९३ वर येतो. म्हणजे खाचेच्या पलीकडे अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा. बोर्ड बनवताना लेन उलटसुलट जोडल्या नसतील असं धरून चालले. शिवणाच्या सुईने मोजत गेले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा भाच्याने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला आणि मी मोजलं. बाकीचे कॉन्टॅक्ट पिवळे, चकचकीत. सव्विसाव्यापासून तिसाव्यापर्यंत हिरवट-पांढरी बुरशी, सावंतवाडीला आमच्या जुन्या घरात तांब्याच्या घंगाळाला चढते तशी. त्यातले दोन कॉन्टॅक्ट किंचित आत बसलेले.

तेव्हा ऑफिसातली जागा डोळ्यांपुढे आली. टेबल खिडकीखाली, खिडकी खाडीकडे, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा कायम उघडा कारण 'गरम होतं'. पावसाळ्यात झड थेट आत. मी स्टिकेचे दात घासले होते, ज्या फटीत ते दात बसतात तिकडे पाहिलंच नव्हतं. रिपेअरवाल्यांचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर अर्धवट होतं.

सफाईसाठी लग्नपत्रिका उत्तम. जाड, गुळगुळीत, सुटा धागा नाही. बोटभर पट्टी कापली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली आणि स्लॉटमधून दाताच्या दोऱ्यासारखी फिरवली. पहिली पट्टी हिरवी निघाली, चौथी स्वच्छ. आत दबलेले दोन कॉन्टॅक्ट सुईच्या टोकाने, श्वास रोखून, केसभर बाहेर ओढले. रात्रभर वाळू दिलं.

सकाळी सुरू केलं तर लेन पाच अजून बिघडलेलीच! पाच मिनिटं मी खरंच खचले होते. मग आठवलं, साठा पुसलाच नव्हता. तो कालचेच आकडे लावत होता. पुसला. बारीक काटा ७. पुन्हा पुसून ८. पुन्हा ७. वेग परत ८०० वर नेला, मी कोडमध्ये केलेली सगळी ढवळाढवळ रद्द केली, मूळ कोड जसंच्या तसं बांधलं. मेमटेस्ट दोन रात्री चाललं, बाहेर पाऊस असताना. एकही लाल ओळ नाही.

कंपनीच्या बायॉसवर हे का दिसलं नाही याचं उत्तर आता मला त्या बिलांमध्ये दिसतं. तेही दरवेळी काहीतरी मोजून कामचलाऊ आकडा लावत असणार आणि मुकाट पुढे जात असणार. रोजच्या दोन-चार पत्रांना ते पुरायचं. बिलांच्या दिवशी सगळी रॅम वापरात यायची आणि काका अँटिव्हायरसला शिव्या घालायचे. कोअरबूटमध्ये निदान ते कुठे अडलं हे तरी सांगायची पद्धत आहे.

शेवटचं एक किरकोळ राहिलं होतं. बोर्डच्या रिअलटेक नेटवर्क चिपला स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची तिची ओळख) आठवत नाही, तो बायॉसकडून लागतो. बोर्डवरच्या स्टिकरवर तो छापलेला होता, तोच कोअरबूटच्या फाइलीत घातला. आता हा कॉम्प्युटर भाच्याच्या खोलीत डोंबिवलीला आहे, डेबियन लिनक्स चालवतो, त्याच्या प्रोजेक्टच्या फाइली सांभाळतो. दर पावसात मी त्याला फोन करून लेन पाच विचारते.

गणपतीच्या वर्गणीला काका आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. व्हायरस नव्हता, खिडकी होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मी त्यांच्यासोबत खाली ऑफिसात गेले. नवा कॉम्प्युटर त्याच टेबलावर, त्याच खिडकीखाली, पत्रा उघडा. टेबल पलीकडच्या भिंतीला लावू या म्हटलं तर काका म्हणाले, तिकडे प्लग पॉइंट नाही, त्याला कमिटीची मंजुरी लागेल. तूर्तास आम्ही दोघांनी मिळून पत्रा बसवला. एक स्क्रू सापडला नाही.